आत्याची सपाट रेघ

८ जानेवारी

आत्या,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. पण तू म्हणशील, लोटांगण नको, सरळ उभी राहा आणि काय ते बोल. म्हणून सरळ उभी राहून बोलते आहे.

फोन तू उचलत नाहीस. रोपांना पाणी घालणाऱ्या मावशी उचलतात, "बाई कामात आहेत" म्हणून सांगतात, आणि त्यांच्या मागून तुझाच आवाज येतो, "सांग, कामात आहेत म्हणून." आत्या, निदान हळू तरी बोलत जा. शेवटी पत्राचा मार्ग धरला. तू ते वाचलं नाहीस तरी फेकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. कागद तू कधी फेकत नाहीस, पुड्या करून त्यात बी ठेवतेस. म्हणजे माझं म्हणणं निदान भोपळ्याच्या बियांपर्यंत तरी पोचेल.

रागाचं कारण मावशींकडून कळलं. "बाई म्हणतात, जन्मभर नर्सरी मी चालवली आणि पोरीने मला मिशा लावल्या."

लावल्या, खरं आहे. पण जरा ऐकून तर घे. आमच्या विषयाचं नाव व्यवस्थापन. तू त्याला 'दुसऱ्याच्या धंद्यात नाक' म्हणतेस, आणि व्याख्या म्हणून ती काही वाईट नाही. हा विषय शिकवायला आम्हाला 'केस' लागतात. केस म्हणजे एका खऱ्या धंद्याची लिहून काढलेली गोष्ट: मालक कोण, धंदा कसा वाढला, आकडे काय सांगतात आणि आता त्याच्यापुढे पेच कोणता. गोष्ट मुद्दाम निर्णयाच्या आदल्या दिवशी थांबवायची, आणि मालकाने पुढे काय करावं यावर वर्गाने भांडायचं. उंटावरून शेळ्या हाकण्याचं रीतसर शिक्षण म्हण ना. आता खऱ्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून नाव-गाव बदलतात, जमलं तर बाईचा पुरुष करतात. म्हणून तू झालीस 'एकसष्ट वर्षांचे एक सद्गृहस्थ'. मिशा नियमात नव्हत्या. त्या मी हौसेने लावल्या. झुपकेदार आहेत, तुला शोभतात.

पेच मात्र तुझाच ठेवला आहे. शहराच्या नव्या आराखड्यात नर्सरीची जमीन हिरव्या पट्ट्यातून उचलून घरांच्या पट्ट्यात टाकली, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी विकून टाकलं आणि बिल्डर तुझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तेव्हा एक तर त्याला जमीन द्यायची आणि आराम करायचा. नाही तर आराखड्यावर हरकत घेऊन आहे तिथेच पाय रोवायचे. आणि तिसरं म्हणजे, त्या दिवशी चहा गाळता गाळता तू हसत बोलून गेलीस ते: बाहेरच्या टेकडीवरची बंद पडलेली दगडखाण पालिका झाडं लावणाऱ्याला लांबच्या कराराने देणार आहे, ही जमीन विकून ती घ्यायची आणि कुंड्यांतलं सोडून मोठी झाडं वाढवायची. तेही मी घातलं. मार्चअखेर तुला पालिकेला उत्तर द्यायचंय, हेही घातलं.

आता कामाचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. केस छापायची तर मालकाची लेखी संमती लागते. कागद सोबत जोडला आहे, खाली सही कर. घाई नाही.

कंबरेला पट्टा बांधतेस ना? पोती तू उचलायची नाहीत असं ठरलं होतं.

तुझी
कुंडी


२७ जानेवारी

आत्या,

तुझ्याकडून टेम्पोवाल्याने लिंबाचं रोप आणून दिलं. सोबत चिठ्ठी नाही, संमतीचा कागद नाही. नुसती रोपाच्या गळ्यात नर्सरीची पांढरी पट्टी, आणि तिच्यावर तुझ्या त्या टोकदार अक्षरात, "पाणी बेताने. ऊन भरपूर."

मी ते उत्तर समजते आहे. रोप खिडकीत ठेवलंय. माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन टेबलापर्यंत येतं, मग समोरच्या इमारतीला लागतं. तेवढं पुरेल का ते पुढच्या पट्टीवर कळव.

केस या आठवड्यात वर्गात घेतली. (संमती छापायला लागते, वर्गात घ्यायला लागत नाही. तेवढी मी कायद्याला धरून आहे.) तुला गंमत वाटेल म्हणून सगळं सांगते. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला आम्ही सगळेच 'पहिला बाक' म्हणतो. तिने तुझ्या बाजूने जिवाचं रान केलं. म्हणाली, शहरात हिरवी जागा उरली पाहिजे, त्यांनी हरकत घ्यावी, आम्ही सह्या गोळा करू. तिच्या मागे एका बिल्डरचा मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, काकांनी विकून टाकावं आणि हातपाय पसरून बसावं. एवढी वर्षं मातीत घातली, आता कशाला?" काका म्हणजे तू. त्यावर निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. एकाने सल्ला दिला की काकांनी रोपं फोनवरून विकावीत. तू फोन उचलत नाहीस, हे मी त्याला सांगितलं नाही.

तिसऱ्या पर्यायाला मात्र एकही वाली मिळाला नाही. कोणी तरी म्हणालं, "खाणीत झाडं? एकसष्टाव्या वर्षी? काका सावलीत बसणार कधी?" आणि वर्ग हसला. तसं प्रत्येक केसमध्ये एक कच्चा पर्याय असावाच लागतो, नाही तर भांडणाला धार येत नाही.

मग कोणी तरी आलेखावर बोट ठेवलं. नर्सरीची पहिल्यापासूनची विक्री मी आलेखात काढली आहे. सुरुवातीला रेघ छान चढते, मग दहा वर्षं पाटावर ठेवल्यासारखी सपाट, मग पुन्हा चढते. बिल्डरच्या मुलाने विचारलं, "या दहा वर्षांत काका झोपले होते का?" आमच्यात असल्या काळाला नावं ठेवायची चढाओढ असते. 'हरवलेलं दशक' असं फळ्यावर लिहिलं गेलं. लिहिलं गेलं म्हणजे मीच लिहिलं, खडू माझ्या हातात होता.

ती वर्षं कोणती हे मला फळ्याकडे पाठ केल्यावर आठवलं. मी तुझ्याकडे आले तिथे रेघ सपाट होते, आणि मी हॉस्टेलला गेले तिथे चढते. असेल योगायोग. त्या वर्षांत बाजारही मंद होता, असं म्हणतात.

तास संपताना पहिल्या बाकाने विचारलं, "मॅडम, पण तुमचं मत काय?" मी नेहमीचं उत्तर दिलं. केस शिकवणाऱ्याने आपलं मत कधी सांगायचं नसतं. सांगितलं की वर्ग विचार करायचं थांबवतो आणि वहीत उतरवून घेतो. हा आमचा पहिला नियम आहे, आणि मी तो आजवर एकदाही मोडलेला नाही. त्याबद्दल माझं कौतुकही होतं.

आता मागच्या पत्रातली थाप. घाई नाही म्हणाले होते. आहे. माझी नोकरी कायम व्हायची तर यंदा काही तरी छापून यायला हवं, आणि माझ्याकडे छापण्यासारखी तूच आहेस. विभागप्रमुख रोज भेटले की "संमती?" एवढंच विचारतात. नमस्काराच्या जागी. तेव्हा मिशांचा राग मिशांवर काढ, सहीवर नको.

तुझी
कुंडी


१६ फेब्रुवारी

आत्या,

आज सही मागायला लिहीत नाही.

आमच्या वर्गात अधूनमधून धंद्यातलं मोठं माणूस पाहुणा म्हणून बोलवतात. या वेळी बागांचे ठेकेदार आले होते. तू त्यांना ओळखतेस: घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलचं सगळं आवार ज्यांनी लावलं, ते. आता केस पांढरे झालेत, काठी घेऊन चालतात, आवाज मात्र अजून मोकळ्या मैदानातला आहे. माईक नको म्हणाले आणि शेवटच्या बाकावरचे दोघे दचकून जागे झाले.

मुलांनी त्यांना विचारलं, "सर, तुमचं पहिलं मोठं काम तुम्ही कोणत्या स्ट्रॅटेजीने मिळवलं?"

ते हसले. म्हणाले, "अरे बाबांनो, कसली स्ट्रॅटेजी! हॉस्पिटलचं काम आधी माझं नव्हतंच. नर्सरीवाल्या एक बाई होत्या, त्यांना दिलं होतं. माझ्यापेक्षा शंभर पटीने जाणकार. झाडाच्या पानावरून त्याची मुळं कुठं अडलीत ते सांगायच्या. पण काम लांबचं, दोन-अडीच वर्षं तिथंच जाऊन राहावं लागणार होतं. बाईंनी नाही म्हटलं. समोरच्याने नाही म्हटलं, हीच माझी स्ट्रॅटेजी."

वर्ग हसला. मीही हसले, सवयीने. मग पहिल्या बाकाने विचारलं, त्या नाही का म्हणाल्या?

"मी पण विचारलं होतं की. म्हटलं, बाई, असं काम पुन्हा नाही यायचं. तर म्हणाल्या, भावाची पोर आहे घरात. आई गेल्यापासून मुकीच झाली होती. आत्ता कुठं बोलायला लागलीये. जागा हलवली तर पुन्हा गप्प होईल. मोठं झाड काय, नंतर लावता येईल."

आत्या, मी टेबलाची कड धरून उभी होते. त्यांना कल्पनाही नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय मॅडम, असा निर्णय तुमच्या पुस्तकात बसतो का?" मी म्हटलं, "बघावं लागेल," आणि त्यांना पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. शिक्षकांच्या खोलीत नळ सोडून उभी राहिले. विभागप्रमुख आले, माझे डोळे बघून म्हणाले, "खडू गेला का?" मी हो म्हटलं. आमच्याकडे फळ्यावर पेनने लिहायला लागून दोन वर्षं झाली, फक्त माझ्याच वर्गात खडू उरलाय, म्हणून निभावलं.

तू मला हे कधी सांगितलं नाहीस. बाबांना तरी माहीत होतं का? ते बिचारे जहाजावर, वर्षातून एकदा घरी यायचे आणि माझ्यासाठी दोन मापं लहान फ्रॉक आणायचे. त्यांना माहीत नसणारच.

मला त्या दिवसांतलं जे आठवतं ते सांगते, बघ तुझ्याशी जुळतं का. मला कोणी बोल म्हटलं की घसा आवळायचा. डॉक्टर बोल म्हणायचे, शाळेतल्या बाई बोल म्हणायच्या, शेजारच्या काकू तर चॉकलेट दाखवून बोल म्हणायच्या. मी मोठ्या रिकाम्या कुंडीत जाऊन बसायचे. एकदा तिच्यात अडकले, तू हातोड्याने कुंडी फोडून मला काढलंस, आणि रागवायचं सोडून म्हणालीस, "भारी कुंडी होती. आता हिच्या जागी तूच." तेव्हापासून मी कुंडी. तू मला कधीच बोल म्हणाली नाहीस. तू माझ्या हातात पांढऱ्या पट्ट्या दिल्यास. गिऱ्हाईक आलं की तुझा चष्मा हटकून हरवायचा, आणि तू मला म्हणायचीस, "जरा वाच गं, काय लिहिलंय. मला दिसत नाही." मग मी वाचायचे. डाळिंब. ऊन भरपूर. मोगरा. पाणी रोज. आधी पुटपुटत, मग गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. बोलायचं नव्हतंच मुळी, नुसतं वाचायचं होतं, म्हणून घसा आवळला नाही. चष्मा तुझ्या डोक्यावरच असायचा हे मला फार उशिरा कळलं.

आणि आज मी बोलण्याचाच पगार घेते.

सपाट रेघ बाजारामुळे नव्हती, आत्या. सपाट रेघ मी होते. आणि तिला मी स्वतःच्या हाताने 'हरवलेलं दशक' म्हणून आले. तू हे आधी सांगितलं नाहीस ते बरं केलंस. त्या वयात कळलं असतं तर ओझं वाटलं असतं, मी जपून जपून वागले असते. आता कळलं तर ओझं वाटत नाही, नुसता आनंद होतो. आनंद आणि रडू, दोन्ही एकाच नळाला.

तुझे उपकार मानायला कुठून सुरुवात करू ते कळत नाही. उपकार म्हटलेलं तुला चालणार नाही, तू म्हणशील, "चल, मोठी आली." तरी मानते. पट्ट्यांसाठी मानते, फुटलेल्या कुंडीसाठी मानते. बोल न म्हटल्याबद्दल सगळ्यात जास्त.

तुझी
कुंडी


९ मार्च

आत्या,

दुसरं रोप पोचलं. गुलाब आहे, एक कळी वाटेत मोडली, बाकी ठणठणीत. पट्टी वाचली.

"वर्गाचं कळलं. तुझं काय?"

उलटी करून पाहिली. मागे "पाणी रोज" होतं, ते गुलाबाचं.

मी लगेच फोन केला. मावशींनी उचलला. मी म्हटलं, मावशी, बाईंचा मिशांवरचा राग गेला का? तर त्या म्हणाल्या, "मिशांचा कसला राग? येईल त्या गिऱ्हाइकाला हसून सांगतात, पोरीने मला मिशा लावल्या म्हणून. मिशा काय, उद्या दाढी लावलीत तरी चालेल त्यांना. त्या दुसऱ्याच गोष्टीनं गप्प झाल्यात. परवा म्हणाल्या, सगळ्या गावाला विचारून आली, मला येऊन एकदाही सांगितलं नाही, आत्या असं कर म्हणून."

हे ऐकून मी फोन ठेवला आणि गुलाबाला पाणी घातलं, मग लिंबालाही घातलं. लिंबाला बेताने घालायचं असतं ते विसरले.

काय झालं ते आता मला स्वच्छ दिसतं. तू चहा गाळताना खाणीबद्दल बोललीस तेव्हा हसलीस, पण माझ्याकडे बघत होतीस. घरातलं दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, "वेडी आहेस का?" नाही तर म्हणालं असतं, "घे गं." मी वही काढली आणि लिहून घेतलं. तिसरा पर्याय. माझा नियम असा अंगात मुरला आहे की घरच्या माणसानेही 'काय करू?' विचारलं तर मी दोन्ही बाजू मांडून मोकळी होते. तू मला मत विचारत होतीस आणि मी तुला वर्ग गोळा करून दिला. व्यवस्थापन शिकवणारी सोडून दुसऱ्या कोणाला हे जमलं नसतं.

तर आता नियम मोडते. माझं मत ऐक.

पहिल्यांदा मनात आलं, विकू नकोस. त्या फाटकाजवळ माझं सगळं लहानपण आहे, फुटक्या कुंडीची खापरं अजून आंब्याच्या आळ्यात आहेत. मग लक्षात आलं की हे मत तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. आणि मला दाट शंका आहे की तू ती जागा माझ्यासाठीच राखून बसली आहेस. पोरीला कधी परत यावंसं वाटलं तर, असं. नको, आत्या. मी येईन ती तुझ्याकडे येईन, फाटकाकडे नाही.

खाण घे.

वर्ग म्हणतो एकसष्ट. वर्ग एकवीसचा आहे, त्याला एकसष्ट म्हणजे संध्याकाळ वाटते. वर्ग म्हणतो, सावलीत बसणार कधी. तू सावलीत बसलेली मी तरी कधी पाहिली नाही. उगाच तुझ्या तोंडी आराम घालण्यात काय अर्थ? नर्सरीच्या जमिनीचे जे येतील त्यात टेकडीवर पाणी चढवायची सोय होईल, कुंपण होईल, हाताखाली माणसं येतील. मी हिशोब करून पाहिला आहे. तेवढं तरी मला येतं. आणि ठेकेदारांना मी काल पत्ता विचारून भेटून आले. तुझं नाव सांगितलं, मग माझं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बोलायला लागलीस तर!" आणि हसता हसता खोकला लागला त्यांना. म्हणाले, खाणीतल्या खडकाळ जमिनीत आधी कुठली झाडं धरतात ते बाईंना माहीत असेलच, पण एक माणूस हवा असेल तर मी काठी टेकत येईन. त्या वेळी बाईंचं काम माझ्याकडे आलं, ते ऋण अजून माझ्या अंगावर आहे, असं म्हणाले.

तेव्हा तू माझ्यासाठी नाही म्हणालीस. मोठं झाड नंतर लावता येईल म्हणालीस. नंतर म्हणजे हेच, आत्या. आता हो म्हण.

आणि सही करू नकोस. विभागप्रमुखांना मी सांगून आले की केस मागे घेते, अजून झालेली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढं केलं की ते वाईट बातमी देतात. म्हणाले, मग कायम होणं यंदा विसरा, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, बघू. बाहेर आले आणि जिन्यातच बसले, खोटं कशाला बोलू. पण जी रेघ मला कळलीच नव्हती ती छापून कायम व्हायचं, हे काही मला झेपलं नसतं.

लिंबाला नवी पानं आलीत. समोरच्या इमारतीला देऊन उरलेलं ऊन पुरतं म्हणायचं.

तुझी
कुंडी


२१ नोव्हेंबर

आत्या,

टेकडीच्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र. पोस्टमनला खाणीपर्यंत चढावं लागतं म्हणून तो कुरकुरतो, असं तू फोनवर म्हणालीस. (फोन तू उचललास, मी ती वेळ भिंतीवर लिहून ठेवावी म्हणते.) त्याला चहा देत जा, म्हणजे रोज येईल.

मागच्या रविवारी येऊन गेले त्यानंतर माझे हात अजून दुखतायत. खड्डे खणायला लावलेस, आणि ठेकेदारकाका काठीवर रेलून "मॅडम, जरा खोल!" करत होते. पण तू वरच्या कड्यावर उभी राहून खाली बघत होतीस ना, दोन्ही हात कंबरेवर, तेव्हा मी खणायचं थांबून बघून घेतलं. मला वाटतं तुलाही माहीत होतं मी बघते आहे. रोपं जेमतेम गुडघ्याएवढी. खडकच दिसतो सगळीकडे. आणि तू अशी उभी, की सगळं वाढून झालंय. पट्टा मात्र बांधला नव्हतास, तेही पाहिलं.

मावशींच्या हातून आलेलं पाकीट मिळालं. आत संमतीचा कागद, सही केलेला, आणि त्याला बांधलेली पांढरी पट्टी: "मिशा काढ. बाकी ठीक."

काढल्या. केस नव्याने लिहिली. आता त्यात एकसष्ट वर्षांच्या मालकीणबाई आहेत, आणि आलेखातल्या सपाट रेघेखाली एक वाक्य वाढवलं आहे: 'या काळात मालकीणबाईंनी लांबचं एक मोठं काम नाकारलं, कारण घरातलं एक मूल नुकतंच बोलायला लागलं होतं.' विभागप्रमुखांनी ते वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, हे आपल्या विषयात बसत नाही. मग म्हणाले, असू दे. जाताना त्यांनी नमस्कार केला, नुसता, त्यात 'संमती?' नव्हतं.

आज ती वर्गात घेतली. या सत्राला बिल्डरचा मुलगा आणि पहिला बाक दोघंही पुन्हा माझ्या वर्गात आहेत, वरच्या वर्षाला. जोरात भांडण झालं. मुलगा त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, मग काका, म्हणजे बाई, झोपल्या नव्हत्या तर." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "पण मग यातून हाती काय लागलं ते कुठे दाखवलंय? आलेखात तर काहीच दिसत नाही." प्रश्न बरोबर होता. धंद्याच्या माणसाने तो विचारायलाच हवा. मी तो फळ्यावर लिहून ठेवला.

खाणीला या वेळी हात वर झाले, सांगायचं राहिलं. सगळे नाही, पण खूप.

तास संपत आला. नियमाप्रमाणे मी वही मिटणार, तेवढ्यात पहिल्या बाकाने विचारलं, "मॅडम, ती मुलगी पुढे नीट बोलायला लागली का?"

मी खडू ठेवला. म्हटलं, "गेला तासभर तुम्ही तिचंच ऐकताय."

तुझी
कुंडी